डबा नसलेली चार मिनिटं

दुपारचे दोन वाजून तीन मिनिटं झाली होती. काचेपलीकडे बसलेल्या निवेदिका मरियम मॅडमनी नुकतंच अरबीतून सांगितलं होतं, की मधुमेह असलेल्यांनी रोजा कसा धरावा, याबद्दल आता डॉक्टरांचा सल्ला ऐका. मी टेप सुरू केली. रेडिओवरून एक ससा बोलू लागला.

ससा म्हणजे बालकथेतला. बारीक आवाजात तो कुठल्याशा उंटाशी भांडत होता. मरियम मॅडमनी हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं. मी टेपच्या डब्याकडे पाहिलं. तेवढ्यात फोन वाजायला लागला.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी बहरीनला एका अरबी रेडिओ केंद्रावर ऑपरेटर होतो. गाणी जवळपास नाहीतच, दिवसभर नुसतं बोलणं. बातम्या, मच्छीमारांसाठी वारा आणि समुद्राचा अंदाज, गृहिणींचा कार्यक्रम, डॉक्टर, मुलांची गोष्ट, नाटक, मग संध्याकाळचं कुराणपठण आणि अजान. भारतात रेडिओवर आठ वर्षं काढून मी तिकडे गेलो होतो.

अरबी येत नसताना अरबी केंद्रावर काय करत होतास, असं मला अजूनही लोक विचारतात. ऑपरेटरला बोलायचं नसतं. टेप लावायची, वेळेवर सुरू करायची, निवेदकाचा माइक उघडायचा आणि बंद करायचा. आवाज वरखाली करणारी सरकती पट्टी असते, तिला फेडर म्हणतात. माझं सगळं करिअर त्या पट्टीवर गेलं. फक्त एक गोष्ट पक्की माहीत लागते: कार्यक्रम कोणत्या शब्दांवर संपतो. त्याला आम्ही आउट-वर्ड्स म्हणतो. ते ऐकू आले की पुढची टेप सुरू. भारतात आमचे एक सीनियर तर आम्हाला डोळे मिटून शेवटचे शब्द ऐकायला बसवायचे. ती सवय माझ्या बोटात उतरली होती.

तर मी एक वही केली होती. प्रत्येक कार्यक्रमाचं नाव, टेपच्या डब्याचा नंबर आणि पुढे आउट-वर्ड्स, सगळं देवनागरीत. अरबी अक्षर मला एकही ओळखता येत नव्हतं. ते काम इब्राहिमभाईचं. इब्राहिम मुकादम आमचा मेंटेनन्स टेक्निशियन, दाभोळकडचा. लहानपणी कुराण शिकल्यामुळे तो अरबी घडाघडा वाचायचा, पण अर्थ विचारला की हात वर.

"मना सगळा वाचता येतो रे," तो म्हणायचा, "समजत काय नाय."

माझं उलटं होतं. हूरा नावाच्या वस्तीत चार वर्षं राहून, कोल्ड स्टोअरमधून दूध आणि खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, आणता आणता मला कामचलाऊ अरबी समजायला लागलं होतं. बहरीनमध्ये कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात. तिथलं अरबी म्हणजे गल्ल्यावरच्या मल्याळी माणसाचं अरबी. पण वाचायला शून्य. त्यामुळे रोज ड्यूटीच्या आधी इब्राहिमभाई दिवसाच्या कार्यक्रमांचा कागद मोठ्याने वाचायचा, मी ऐकून वहीत उतरवायचो. आम्हा दोघांचा मिळून कसाबसा एक साक्षर माणूस तयार व्हायचा.

एरवी हे झकास चालायचं. घोळ झाला तो चंद्रामुळे.

रमजान कधी सुरू होणार, हे आदल्या संध्याकाळी चंद्र दिसतो की नाही त्यावर ठरतं. आधी कुणी सांगू शकत नाही. म्हणून केंद्रावर उद्याच्या दिवसाचे दोन कागद तयार असायचे. पांढरा कागद, म्हणजे चंद्र दिसला नाही तर नेहमीचा मंगळवार. पिवळा कागद, म्हणजे रमजानचा पहिला दिवस. टेपच्या ट्रॉल्याही दोन. पिवळ्या कागदावर सगळं इकडचं तिकडे असायचं. नाटक इफ्तारनंतर, गृहिणींचा कार्यक्रम तीनला, कारण बायका तेव्हा स्वयंपाकाला लागतात, आणि दोनच्या बालकथेच्या जागी डॉक्टर.

चंद्र दिसला. मला ते कळलंही होतं. पण ड्यूटीच्या वेळाही रमजानमध्ये बदलतात, हे मी विसरलो आणि नेहमीच्या वेळेला, म्हणजे तासभर उशिरा पोचलो. सकाळचा ऑपरेटर वैतागून बसला होता. त्याने किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या आणि तो गेला. वही लिहायला वेळ उरला नाही. इब्राहिमभाईने धावतपळत पिवळा कागद वाचला, मी मिळेल तिथे खुणा केल्या. मंगळवारचं पान तसंच उघडं होतं, त्याच्यावरच पेन्सिलीने बाण काढले. हा वर, तो खाली, याच्या जागी तो. थोड्या वेळाने ते पान बघून मलाच गरगरायला लागलं.

शिवाय चहा नाही. मी रोजा धरत नव्हतो, पण त्या महिन्यात दिवसा कुणासमोर खायचं-प्यायचं नाही, तिथला कायदाच तसा. बिनचहाचं माझं डोकं दुपारनंतर चालत नाही. ही सबब नव्हे, वस्तुस्थिती आहे.

अशा रीतीने मी पांढऱ्या ट्रॉलीवरचा डबा उचलला आणि ससा आला.

फोनपाठोपाठ आमचे बॉस आले. त्यांना सगळे अबू यूसुफ म्हणायचे, म्हणजे यूसुफचे वडील. तिकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारायची आदबशीर पद्धत आहे. अरबीत प नाही, त्यामुळे मी पाटणकरचा बाटंकर झालो होतो.

"बाटंकर, शिनू हाज़ा?" हे काय आहे, असं त्यांनी विचारलं.

"सर, रॅबिट."

"दॅट आय कॅन हिअर."

मी टेप बंद करायला हात पुढे केला. त्यांनी थांबवलं. "खलास. आता सुरू झालाय तर पुरा होऊ दे. मुलं ऐकत असतील. डॉक्टर अडीचला लावू." मग ते माझ्या खुर्चीजवळ येऊन हळू आवाजात बोलले. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं. "हे बघ, आज पहिला दिवस आहे. सगळ्यांचाच गोंधळ आहे. सशाला लोक हसतील आणि विसरतील. एकच गोष्ट सांभाळ. मगरिबची अजान. सबंध बहरीन हातात खजूर घेऊन आपल्याकडे कान लावून बसलेलं असतं. एक मिनिट उशीर झाला तर शिव्या देतील. एक मिनिट आधी झाली तर त्यांचा दिवसभराचा रोजा फुकट जाईल. समजलं?"

"येस सर."

"तुझं कॉन्ट्रॅक्ट माझ्या टेबलावर आहे. रिन्यूअलचं."

हे त्यांनी धमकी म्हणून सांगितलं की दिलासा म्हणून, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

पुढचे तीन तास मी एकेक डबा तीनतीनदा तपासून लावला. इब्राहिमभाईला बोलावून लेबलं वाचून घेतली. गृहिणींचा कार्यक्रम बरोबर गेला. समुद्राचा अंदाज बरोबर गेला. दोन बाणांचा अर्थ लागेना म्हणून मी मरियम मॅडमना काचेतून खुणा करून विचारलं. त्यांनी बोटांनी नंबर दाखवले, तेही बरोबर निघाले. मला जरा बरं वाटायला लागलं. तिथेच चुकलं.

मगरिब, म्हणजे सूर्यास्ताची नमाज, त्या दिवशी पाच बाराला होती. चार अठ्ठेचाळीसला मी कुराणपठणाची टेप सुरू केली. दुसऱ्या मशीनवर अजानची टेप चढवून तयार ठेवली. आता वीसेक मिनिटं मरियम मॅडमना काम नव्हतं. त्या स्टाफच्या इफ्तारसाठी पाणी आणि ताटल्या मांडायला गेल्या. इब्राहिमभाई बाहेर कॉरिडॉरमध्ये स्पीकरखाली खजुराची ताटली घेऊन उभा राहिला. आत मी एकटा.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. पठण संपताना पढणारे एक ठरलेलं वाक्य म्हणतात, सदकल्लाहुल अज़ीम. एरवी लायब्ररीतून पठणाची टेप अशी मोजून यायची, की हे वाक्य संपलं की बरोब्बर अजानची वेळ. वर्षातले अकरा महिने मी हेच करत होतो. वाक्य ऐकायचं, बटण दाबायचं. घड्याळाकडे बघायची गरजच पडायची नाही. टेप मोजणाऱ्याने बघितलेलं असायचं.

पिवळ्या कागदावर मात्र पठण आणि अजान यांच्यामध्ये एक ओळ होती. चार मिनिटं, मरियम मॅडम, लाइव्ह, रमजानच्या शुभेच्छा आणि दुआ. इब्राहिमभाईने ती ओळ मला वाचून दाखवली होती. मी ऐकलीही होती. पण लिहिली नाही. माझी वही होती डब्यांची. नंबर, नाव, शेवटचे शब्द. ज्या कार्यक्रमाला टेप नाही, डबा नाही, तो त्या वहीत बसतच नव्हता. त्यामुळे त्या चार मिनिटांना माझ्या जगात जागा नव्हती.

पढणाऱ्यांनी वाक्य म्हटलं. माझ्या बोटाने बटण दाबलं.

अल्लाहु अकबर, अल्लाहु अकबर. सुंदर आवाज होता. मी खुर्चीत मागे रेललो. दिवस संपला म्हणून मला खरंच हायसं वाटलं.

दार उघडून इब्राहिमभाई आत आला. तोंडात खजूर होता आणि चेहऱ्यावर दिवसभराचा शीण उतरल्याचं हसू. ताटली माझ्यापुढे धरून म्हणाला, "घे रे. तूपण चहाबिगर उपाशीच हायस."

मी एक खजूर उचलला. तो सहज वर बघत होता. वर घड्याळ होतं. त्याचं चावणं थांबलं.

"पाच बारा ना रे आज?"

"हो."

"मग हा काय दाखवतोय?"

घड्याळ पाच आठ दाखवत होतं. मला पहिल्यांदा वाटलं, घड्याळ बंद पडलंय. सेकंदकाटा फिरत होता. मग मी वहीत बघितलं, जणू काही वहीत वेगळी वेळ असेल. मग कागदाकडे बघितलं. त्यावरची ओळ मला वाचता येत नव्हती, पण आठवली. मी फेडर खाली ओढला. अजान मध्येच तुटली. सगळीकडे शांतता झाली. रेडिओवर दोन सेकंदांची शांतता फार मोठी असते. ही तर वाढतच चालली होती.

आमच्याकडे दिलगिरीच्या तयार टेप असायच्या. तांत्रिक बिघाडाबद्दल क्षमस्व वगैरे. मी त्यातली एक उचलली. इब्राहिमभाईने माझं मनगट धरलं.

"माफी नंतर माग. आधी लोकांचे हात थांबव."

"मी? मॅडमना बोलव!"

"ती येईस्तवर आख्खा बहरीन जेवून होईल. जा!"

मी निवेदकाच्या खोलीत धावलो. इब्राहिमभाई माझ्या खुर्चीत बसला, त्याने माइकचा फेडर वर केला आणि काचेतून हात हलवला. बोल.

मी आयुष्यात रेडिओवर एक शब्द बोललेला नव्हतो, मराठीतसुद्धा. आणि समोर अख्खं बेट. शुद्ध अरबीतलं एक वाक्य आठवेना. आठवलं ते कोल्ड स्टोअर.

"सदीग! मफी इफ्तार! मफी अजान! मफी आकिल! सॉरी, सॉरी. बाद अर्बा दगीगा. अर्बा दगीगा, इंशाल्ला!"

म्हणजे, दोस्ता, इफ्तार नाही, अजान नाही, खाणं नाही, चार मिनिटांनंतर. शेवटी इंशाल्ला का म्हणालो, देव जाणे. सूर्य मावळेल की नाही, याचीच जणू मला शंका होती. थांबायचं कसं ते कळेना, म्हणून मी तेच पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागलो.

दुसऱ्यांदा मफी आकिलपर्यंत आलो असेन, तेवढ्यात ताटल्यांच्या गडबडीत उशीर झालेल्या मरियम मॅडम पदर सावरावा तसा अबाया सावरत आत शिरल्या आणि त्यांनी खांद्याने मला माइकसमोरून बाजूला केलं. एक श्वास घेतला. मग अगदी शांत आवाजात, जणू काही बिघडलंच नाही अशा, त्यांनी लोकांना सांगितलं की चूक झाली आहे, मगरिबला अजून वेळ आहे, हात थांबवा. मला शब्द सगळे कळले नाहीत, सूर कळला. उरलेली मिनिटं त्या बोलत राहिल्या. मी परत माझ्या खुर्चीत. अजानची टेप मागे गुंडाळून घेतली. पाच बाराला त्यांनी काचेतून मान हलवली. त्याआधी मी स्वतः घड्याळ बघितलं, मग बटण दाबलं.

या वेळी अजान पूर्ण झाली. स्टाफने रोजा सोडला. इब्राहिमभाई एका बाजूला उभा राहून पाणी पीत होता.

"तुझं काय?" मी विचारलं.

"माझा गेला आजचा. ईद झाल्यावर एक धरायचा बदल्यात." त्याच्या आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं. "पहिलाच रोजा होता रे. मी घड्याळ बघितलाच नाय. तू होतास ना आत."

सशाच्या वेळी मला फक्त लाज वाटली होती. आता मला रडायला येत होतं. हा एकटा माझ्या समोर होता. घराघरांतून असे किती जण असतील, ते कधीच कळणार नव्हतं. एखाद्या म्हातारीने दिवसभर कळ काढली असेल आणि माझ्या बोटावर विश्वास ठेवून घास घेतला असेल.

फोन अर्धा तास थांबले नाहीत. मरियम मॅडम प्रत्येकाला उत्तर देत होत्या. ज्यांनी गिळलं त्यांनी एक रोजा नंतर धरावा, असं दुसऱ्या दिवशी रेडिओवरच एका मौलवींनी सांगितलं.

अबू यूसुफ घरून गाडी काढून आले. मी उभा राहिलो.

"सर, माझी चूक. इब्राहिमने कागद बरोबर वाचला होता."

"तुम्ही घरी खाल्लं का?" इब्राहिमभाईने त्यांना मध्येच विचारलं. तो माझ्यासाठी विचारत होता; त्यांचा स्वतःचा रोजा गेला नसेल तर माझं थोडं निभावलं असतं.

"आमच्या घरी माझी आई असते," अबू यूसुफ म्हणाले. "तिचा रेडिओवर विश्वास नाही. ती इफ्तारच्या तोफेची वाट बघते. तोफ झाल्याशिवाय कुणालाही ताटाला हात लावू देत नाही. तीस वर्षं मी तिला सांगतोय, आई, मी स्वतः रेडिओत आहे." ते खुर्चीवर बसले. "आज मी तिला काय सांगू?"

त्यांनी समोरचा पिवळा कागद उचलून पाहिला आणि परत ठेवला.

"आणि ती अनाउन्समेंट कुणी केली?"

"मीच, सर."

त्यांनी कपाळावर हात मारला. "माझी मुलं ओरडायला लागली, बाबा, कोल्ड स्टोअरवाला रेडिओत घुसला! बाटंकर, राष्ट्रीय केंद्रावर असं अरबी आजवर कुणी बोललं नसेल." मग म्हणाले, "पण सगळ्यांना समजलं. माझ्या शेजाऱ्याचा हात तोंडाशी थांबला. रोज दुकानात तो हीच भाषा ऐकतो."

त्या रात्री माझी नोकरी गेली असं धरून मी घरी गेलो. आठवडाभर कॉन्ट्रॅक्ट तसंच टेबलावर होतं. मग सही होऊन आलं. सोबत एक ओळीचा मेमो होता: रमजानच्या पहिल्या दिवशी पाटणकर यांची ड्यूटी दुपारी तीनला संपेल. मी तिथे आणखी चार वर्षं होतो, तो नियम कुणी मोडला नाही. आमच्या खालच्या कोल्ड स्टोअरवाल्याला मात्र महिनाभर गिऱ्हाईकं विचारत होती, रेडिओवर तूच होतास ना? तो बिचारा नाही म्हणून दमला. मी दूध घ्यायला गेलो की गप्प राहायचो.

वहीत मी एक रकाना वाढवला. वर लिहिलं, "डबा नसलेले". नव्या ऑपरेटरला शिकवताना मी तो रकाना आधी दाखवायचो. टेपला शेवटचे शब्द असतात, माणसाला नसतात, म्हणून त्याला घड्याळ लागतं, एवढंच सांगायचो. कारण विचारलं तर विषय बदलायचो.

ईदनंतरच्या आठवड्यात इब्राहिमभाईने त्याचा बदलीचा रोजा धरला. मीही धरला. त्याने बरंच समजावलं की तुझा याच्यात काही संबंध नाही. मी म्हटलं, संबंध माझाच आहे. साबुदाण्याच्या खिचडीच्या उपासावर वाढलेल्या माणसाला पाण्याशिवायचा दिवस किती लांब असतो, ते त्या दिवशी समजलं. दुपारी तीनला तर मी अबू यूसुफशी नीट बोलूही शकत नव्हतो.

संध्याकाळी आम्ही दोघं त्याच्या खोलीवर बसलो. मध्ये खजुराची ताटली आणि रेडिओ. ड्यूटीवर दुसरा ऑपरेटर होता. पठण संपलं, अजान सुरू झाली. माझा हात ताटलीकडे गेला.

इब्राहिमभाईचा गेला नाही. त्याने आधी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. मग मनगटावरचं. मग ओशाळून माझ्याकडे बघितलं आणि ताटली पुढे सरकवली.

"घे," तो म्हणाला. "झाला टाइम."